उंदराला एकच जीव

"हॅलो? … हॅलो? … कोण? जरा मोठ्यानं बोला, खाली खोदकाम चाललंय… कोण, विपुल? … अरे मग आधी नाव सांगावं ना. सकाळपासनं फोन चालूच हायेत. नारायणगाववाले झाले, आळेफाट्याची मावशी झाली. मी आपली कोण हाय ते न बघताच सगळ्यांना खमतखामणा म्हणतेय. मघाशी एक राँग नंबर व्हता, त्यालाबी म्हणून टाकलं. … तो? तो म्हणाला, माझंबी काय चुकलं असंल तर माफ करा. चांगला माणूस व्हता."

पानबाई कोचावर उशीला टेकून बसल्या होत्या. काल संवत्सरी झाली होती. वर्षभरात ज्याचं ज्याचं मन दुखावलं असेल त्याची माफी मागायची, आणि आपलंही मन साफ करून टाकायचं, असा हा दिवस. काल जे राहिले त्यांचे फोन आज येत होते. पानबाईंनी काल धरून आठ दिवस नुसत्या पाण्यावर काढले होते. आज पारणं. मुगाच्या पाण्याची वाटी समोरच्या तिपाईवर झाकून ठेवलेली होती आणि तिच्याकडं त्या मुद्दाम बघत नव्हत्या. खिडकीखाली रस्त्याकडेला गटारासाठी जेसीबी खोदत होता. गेल्या महिनाभरात त्यानं मंचरमधल्या निम्म्या घरांचे फोन एकेकदा मुके केले होते.

"हो रे, खमतखामणा. … माझंबी, तुला काय टोचून बोलले असंल तर… हो, मिच्छामि दुक्कडम. … अरे आईला एवढं लांबलचक कशाला? झालं माफ. … पप्पा? हायेत ना. हितंच बसलेत, पेपर वाचतायत. … देऊ? … थांब हं. अहो, विपुल हाय."

रूपचंदशेठ कांदा-बटाट्याचे आडते. जन्मभर कांदा-बटाटा विकला आणि जैनाच्या पोटी जन्मून एकदाही चाखला नाही, याचा त्यांना फार अभिमान. त्यांनी पेपर खाली केला नाही. पेपर कालचा होता. त्याच्याआडून जे काही बोलले ते पानबाईंनी पुढं पोचवलं.

"ते म्हणतात, त्याची क्षमा काल मोबाइलवर आली. पोचली. … तसं पोचली न्हाई रे. तुझा एसेमेस आला ना. … मी न्हाई वाचला. पण ते म्हणतात, त्यात लिवलेलं, 'आपणांस व आपल्या परिवारास'. … मग? परिवार कोण रे त्यांचा? तूच ना? … तू तुझीच माफी मागितलीस व्हय? … किती जणांना पाठवलास? … एका बटनात? … अहो, तो म्हणतोय, त्याचा दोष न्हाई, मोबाइलमधी तशी सोयच हाय. … ते म्हणतात, शंभर गोण्यांचा सौदा एकदम व्हतो, शंभर माणसांची माफी एकदम व्हत न्हाई. … त्यांचा मोबाइल लागत न्हाई? लागंल कसा, रागानं बंद करून गल्ल्यात टाकलाय. … अरे ऐक ना. मी आपली निरोप्या हाय. माझ्यावर कशाला चिडतोस?"

बापलेकात बोलणं बंद होतं ते दिवाळीपासून. विपुल पुण्याला मोबाइलवरचे गेम बनवणाऱ्या कंपनीत लागला होता, आणि दिवाळीला आला तो स्वतःचा पहिलाच गेम घेऊन. बटाट्याची वखार, पोत्यांच्या थप्प्या, थप्प्यांमागून उंदीर. वखार हुबेहूब रूपचंदशेठची. बापाला भरून येईल असं पोराला वाटलं होतं. पण त्यात उंदराला बंदुकीनं उडवायचं होतं, आणि रूपचंदशेठच्या वखारीत उंदीर पिंजऱ्यात धरून, सायकलला बांधून, घोड नदीच्या पलीकडं नेऊन सोडतात. त्यांचे वडीलही तेच करायचे. ते उंदीर परत येतात असं हमाल आपसांत म्हणत, शेठसमोर नाही.

"ते म्हणतात, मारणाऱ्याला तीन जीव आन उंदराला एकच, हा कुठला न्याय? … अहो, तो म्हणतोय, उंदीर खरे न्हाईत, नुसते ठिपके हायेत. … ते म्हणतात, पाप ठिपक्याला लागत न्हाई, मारणाऱ्याच्या मनाला लागतं. भावहिंसा. मनात मारलं की मारलंच. महाराजसाहेबांना विचार म्हणतात. … तू विचारलंस? कधी? … काय म्हणाले? … अहो, त्यानं विचारलं पुण्याच्या जैन स्थानकात. महाराजसाहेब म्हणाले, गेम म्हंजे काय ते आधी दाखव. … मग? … दाखवल्यावर त्यांनी हातच लावला न्हाई. … बरोबर हाय, वीज असती ना त्यात, साधू शिवत न्हाईत."

इथं पानबाईंनी डोळे मिटून थोडा श्वास घेतला. पोटात काही नसताना दोघांचं भांडण वाहून नेणं हे पोती वाहण्याइतकंच अवघड होतं.

"… आता ते कशाला काढतोस? … नको ना. आजच्या दिवशी तरी… बरं, सांगते. अहो, तो म्हणतोय, खाली दुकानातल्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर कापी केलेलं हाय. ती चोरी न्हाई का?"

पेपर खाली आला. व्हॅट लागला तसा हिशेब हातानं जमेना म्हणून दुकानात कॉम्प्युटर आला होता, आणि कॉम्प्युटर बसवणाऱ्यानं जाता जाता खिशातली सीडीची चकती काढून हिशेबाचं सॉफ्टवेअरही टाकून दिलं होतं. दिवाळीत उंदरावरून बोलणी खाल्ल्यावर विपुलनं नेमकं तेच बापाच्या तोंडावर फेकलं, आणि त्या दिवशी लाडू कुणीच खाल्ले नाहीत.

"ते म्हणतात, चोरी कसली? मी कांदा विकला तर माझी वखार रिकामी व्हती. सॉफ्टवेअरवाल्यानं विकलं तरी त्याच्याकडं तसंच ऱ्हातं, कुणी नेलं तरी तसंच ऱ्हातं. ज्याचं काय कमीच झालं न्हाई, त्याचं चोरलं काय? … सावकाश बोल, एवढं ध्यानात राहत न्हाई माझ्या. … हां. तो म्हणतोय, दिल्याबिगर घेतलं की अदत्तादान, तिसरं व्रत, तुमीच शिकवलंत. … … न्हाई, ते पेपराची घडी घालतायत. … हां, बोलले. म्हणतात, एवढ्याशा चकतीची एवढी किंमत कोण लावतं? आन भाव पाकिटावर छापून. मालात खोट निघाली तर तोडजोड न्हाई, घासाघीस न्हाई. … म्हणतात, कर सरकारनं लावला, मग सॉफ्टवेअर बी सरकारनंच द्यावं. ठिबकला सबसिडी, पंपाला सबसिडी, व्यापाऱ्याला नुसता जीआर. … म्हणतात, कांद्याचा भाव वाढला की दिल्ली हलती, सॉफ्टवेअरचा वाढला तर कोण मोर्चा काढतंय का? … तू हसतोस काय रे? … हसतोय तो, अहो. … न्हाई, तुमाला न्हाई हसत."

रूपचंदशेठ उठले आणि गॅलरीत जाऊन जेसीबीकडं बघत उभे राहिले. सरकारचं काम नीट चालत नाही याची खात्री करून घेणं हा त्यांचा जुना विरंगुळा होता. पानबाईंनी रिसीव्हर तोंडाजवळ ओढला आणि आवाज खाली आणला.

"ऐक, ते भाईर गेलेत तवर सांगते. … मी कुठं खाल्लंय? … न्हाई. … वाटी समोर हाय, गार झाली. … रागानं न्हाई रे, नियम घेतलाय मी मनात. तुमी दोघं बोलल्याबिगर पारणं न्हाई. … आठ झाले तर नववा. काय फरक पडतो? … त्यांना कुठं म्हाईत हाय. सांगितलं तर म्हणतील, मी बी करतो उपास. … ते राहू दे. दुसरं सांगते. स्टँडजवळ गोरखचं मोबाइलचं दुकान हाय ना? … हां, तोच. तो तुझा गेम पोरांच्या मोबाइलमधी भरून देतो. फुकट. … तुला म्हाईत हाय? … मग वाईट वाटत न्हाई तुला? … … हां. वाटणारच. … तर हे गेले व्हते तिथं. … कोण म्हंजे? तुझे पप्पा. गेल्या बाजाराच्या दिवशी. दुकानात उभं राहून म्हणाले, हा माझ्या पोराचा माल हाय, त्याला इचारल्याबिगर वाटायचा न्हाई. … खरंच. गोरखनंच सांगितलं मला. आन गोरख त्यांना काय म्हणाला म्हाईत हाय? म्हणाला, शेठ, कापी केल्यानं तुमच्या पोराकडचा गेम काय कमी झालाय का? … … मग काय. घरी आले, जेवले न्हाईत. पोट बिघडलंय म्हणाले. … हॅलो? … नाक का ओढतोयस? ऑफिसात हायेस ना तू? … आले, आले ते. थांब."

पानबाईंनी रिसीव्हर त्यांच्यापुढं धरला आणि दुसऱ्या हातानं वाटी लांब सरकवली. "तुमी त्याच्याशी बोलल्याबिगर मी हे पिणार न्हाई," एवढंच म्हणाल्या. रूपचंदशेठनी वाटीकडं पाहिलं, मग बायकोच्या खोल गेलेल्या डोळ्यांकडं पाहिलं. कालपर्यंत ते तिच्या तपाचं कौतुक गावभर सांगत होते; आज पहिल्यांदा त्यांना तिची भीती वाटली. त्यांनी रिसीव्हर घेतला.

"हां… रूपचंद बोलतोय. … हो. … बरा हाय. … तुझी आई वाटी अडवून बसलीय. … तुला म्हाईत हाय? बरं. … न्हाई, तू थांब. मी मोठा हाय, मी आधी बोलतो. मधी बोलू नको."

खाली काहीतरी कचकन वाजलं. जेसीबी थांबला आणि कुणीतरी ड्रायव्हरला वडिलांवरून शिवी दिली. पानबाईंनी ते ऐकलं. रूपचंदशेठनी नाही; बाजारात उभी हयात गेलेला माणूस तो, स्वतः बोलताना दुसरं काही ऐकायची त्यांना सवयच नव्हती.

"त्या गोरखकडं गेलो व्हतो मी. माझंच म्हणणं त्यानं मला ऐकवलं. … माल काय कमी झाला न्हाई, खरं हाय. पण माझ्या पोराला इचारलं न्हाई, ते लागलं मला. … ऐकतोस ना? … तर ते खालचं सॉफ्टवेअर… खरं घेऊन ये. छापील भावानं. बिल घे, व्हॅटसकट. … घासाघीस करून बघ एकदा. न्हाई जमलं तर राहू दे. … … उंदराचं मात्र मी सोडणार न्हाई. बंदूक काढ, पिंजरा ठेव. धरायचं आन नदीपल्याड सोडायचं. … परत येतात, म्हाईत हाय मला. हमाल हसतात, ते बी म्हाईत हाय. परत आले तर गेम चालूच ऱ्हाईल, कंपनीचा फायदाच हाय की. … आन तो काटा. वखारीच्या कोपऱ्यातला मोडका वजनकाटा दाखवलास तू गेममधी. माझ्या बाचा काटा तो. … दिवाळीलाच बघितला व्हता मी. बोललो न्हाई. … … गप का? … बरं, नको बोलू. … विपुल. वरीसभरात माझ्या बोलण्यानं, वागण्यानं, मनानं, तुझा जीव दुखावला असंल तर… हात जोडून… मिच्छामि दुक्कडम."

त्यांनी खरंच हात जोडले होते. रिसीव्हर खांदा आणि कान यांच्यामध्ये धरला होता. मग तो काढून त्यांनी पानबाईंकडं दिला. डोळे पुसायचे राहिले होते. "पयल्यांदाच पोरगं मधी बोललं न्हाई," ते म्हणाले. "शाणा झालाय."

पानबाईंनी रिसीव्हर कानाला लावला. आत काहीच नव्हतं. खरखर नाही, टूंऽऽ नाही, काहीच नाही. त्यांनी कोचावरूनच खिडकीतून खाली डोकावून पाहिलं, चारपाच माणसं खड्ड्यात वाकून बघत होती आणि एकाच्या हातात तुटक्या केबलचं टोक होतं. रूपचंदशेठ एकदा तोललेला माल पुन्हा काट्यावर घेत नसत, हे पानबाईंना लग्न झाल्यापासून माहीत होतं. काट्याचं ते बोलणं आणि हात जोडणं त्यांना पुन्हा एकदा जमलं नसतं. पानबाईंना मुलाची फार कीव आली, त्याच्या वाट्याचं एवढं सगळं खड्ड्यात सांडलं म्हणून.

"हां, विपुल… हो. … हो रे, मी बी ऐकलं. … रडू नको. … सांगते. अहो, तो म्हणतोय, मिच्छामि दुक्कडम. एसेमेससारखं न्हाई, पप्पा म्हणून म्हणतोय. … … पिंजऱ्याचं? हां. म्हणतोय, बघतो."

रूपचंदशेठनी मान हलवली. 'बघतो' हे त्यांना पटलं. लगेच 'हो' म्हणाला असता तर त्यांनी विश्वास ठेवला नसता. त्यांनी स्वतःच वाटीवरचं झाकण काढलं आणि वाटी बायकोच्या हातात दिली.

"ठेवते रे आता. वाटी हातात आलीय. … आन विपुल, माझंबी मिच्छामि दुक्कडम. … हो, मघाशी झालं आपलं. ते जुन्याचं व्हतं. हे आत्ताचं."

आणि पानबाईंनी रिसीव्हर हळूच जागेवर ठेवला.