ज्या व्हॉल्व्हवर नाव होतं

मंडळी, आलात, बरं वाटलं. असोसिएशनचा हा हॉल इतका भरलेला मी फार दिवसांनी बघतेय. अध्यक्षसाहेब मघाशी हळूच म्हणाले, "वहिनी, नसेल जमत तर राहू द्या, आम्ही समजून घेऊ." पण जमवते. इतकी वर्षं गप्प बसायला जमलं, तर बोलायलाही जमेल.

माझ्याआधी जे बोलले, त्यांनी माझ्या नवऱ्याला, अविनाशला, देशभक्त म्हटलं. तत्त्वनिष्ठ म्हटलं. कुणी म्हणालं, आपल्या डोंबिवली एमआयडीसीचा हिरा गेला. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ना, ते हेच. अहो, हा हिरा तुमच्याच गल्लीत होता. त्याच्या गेटवरून जाताना तुम्ही मोबाइल कानाला लावून मान वळवायचात. आम्हाला दिसायचं. तो म्हणायचा, "बघ, आज पण याला नेमका फोन आला."

इथे आमचे कल्याणचे नातेवाईक बसलेयत. त्यांना काय झालं ते धड माहीत नाही, म्हणून सांगते. बाकीच्यांना माहीत आहे.

अविनाश व्हॉल्व्ह बनवायचा. हिशेब आणि ऑफिस मी बघायचे. साधे नळाचे व्हॉल्व्ह नाहीत. आतला वायू जरासुद्धा बाहेर गळू नये, असे. रसायनांच्या कारखान्यात लागतात. अणुइंधन बनवतात तिथेही लागतात. म्हणून असा माल परवाना काढल्याशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. कुणाच्या हातात पडेल आणि त्याचं काय होईल, सांगता येत नाही. कायदा आहे, आणि बरोबर आहे. अविनाश शेवटपर्यंत म्हणायचा, बरोबर आहे.

एक दलाल आला. गोडबोल्या. म्हणाला, कल्याणच्या पार्टीला माल हवाय, दूध पावडरच्या कारखान्यासाठी. पहिला माल कल्याणच्या पत्त्यावर गेला, बिल कल्याणचं, सगळं चोख. मग त्याने दुप्पट मोठी ऑर्डर आणली, आणि अविनाशच्या डोक्यात किडा वळवळला. जेवता जेवता मला म्हणाला, "अगं, दुधाला एवढा भारी व्हॉल्व्ह कशाला? दूध काय पळून जातंय?" दुसऱ्या दिवशी त्याने दलालाला विचारलं, माल शेवटी कुठे बसणार, ते लिहून द्या. दलाल हसला. "शेठ, आप बिल कल्याण का बनाओ. आगे का टेन्शन हमारा."

अविनाशने ऑर्डर नाकारली. एवढ्यावर थांबला असता तर आज इथे चहा पीत बसला असता. पण नाही. स्वतःच्या पायांनी सरकारी ऑफिसात गेला आणि सगळं सांगून आला.

अधिकाऱ्यांनी शोध घेतला, तर पहिला माल बंदरावर सापडला. दुसऱ्याच नावाने परदेशी निघाला होता. पेटी उघडली. काही व्हॉल्व्हवर आमचा ठसा होता. सासऱ्यांच्या वेळेपासूनची रीत आमची, माल पास झाला की अंगावर पंच मारून नाव उठवायचं. अविनाश म्हणायचा, ज्याला नाव टाकायची लाज वाटते, तो माल विकूच नये.

त्याच पेटीत दुसरे व्हॉल्व्हही होते. बिननावाचे. तसेच, त्याच कामासाठीचे, याच गल्लीतले. कुणाच्या लेथ मशिनवर कसला कट बसतो, हे तुम्ही एकमेकांचं ओळखता. अविनाशनेही ओळखलं होतं.

ज्याचं नाव होतं, तो सापडला. ज्यांचं नव्हतं, ते आज हार घेऊन आलेत.

तपासाचे साहेब माणूस वाईट नव्हते. माझ्यासमोर म्हणाले, "मॅडम, त्या दलालाने आणखी एकालाही हेच दुधाचं सांगितलं होतं, असं कुणी बोललं, तर फसवणूक सिद्ध होईल. मग मी यांना आरोपी नाही, साक्षीदार करीन." एक माणूस, मंडळी. फक्त एक.

आम्ही दोघं दारोदार फिरलो. एक दादा म्हणाले, "वहिनी, पोरीचं लगीन तोंडावर आलाय, माझा नाव नको." एकांनी पाणी दिलं, चहा दिला, आणि म्हणाले, तो दलाल आम्ही कधी बघितलाच नाही. त्यांच्याच पायरीवर बसून त्या दलालाने भजी खाल्लेली, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं. कुणाचं नाव घेत नाही. घाबरू नका.

अविनाशही त्यांचं नाव सांगू शकला असता. मी भांडले त्याच्याशी. "अरे, सांगून टाक ना!" तर म्हणाला, "माझ्या मालावर मी नाव टाकतो. त्यांच्या मालावर त्यांनी टाकावं." चीड आली मला. आजही येते. कसला हा ताठा?

आमचं टेस्टिंगचं मशिन सील झालं. दसऱ्याला त्याने सीलवरूनच झेंडूची माळ घातली, कुंकू लावलं, आणि बाहेर येऊन बसला. तुमच्या मशिनी चालू होत्या. आवाज येत होता.

परवाच्या तारखेला ठाण्याच्या कोर्टात पुन्हा पुढची तारीख पडली. वकिलांकडे बाळकुमला निघालो होतो. माजिवड्याच्या सिग्नलला रिक्षात त्याने माझ्या खांद्यावर मान टाकली. मला वाटलं, दमलाय.

काल वकील म्हणाले, आरोपी गेला की त्याच्यापुरती केस संपते. मी विचारलं, म्हणजे निर्दोष ना? म्हणाले, "नाही वहिनी. निर्दोष नाही. नुसती संपते." ज्या माणसाने चोरी स्वतः कळवली, त्याचं नाव कागदावर कायमचं आरोपी. दोन अक्षरांचा शब्द हवा होता त्याला, 'नाही' म्हणून. त्याने काही केलं नाही, एवढंच. तेही कोर्ट आता म्हणणार नाही.

पण दलालाची केस चालू आहे. तपासाच्या साहेबांना विचारून आलेय. कुणी आजही जबाब दिला, तर अविनाश फसवला गेला होता, हे तरी लिहिलं जाईल. उद्या सकाळी मी पुन्हा जाणार आहे त्यांच्याकडे.

आता उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळायची आहे. माझी एक विनंती आहे. तो दलाल ज्यांच्या दारात कधीच आला नव्हता, त्यांनी उभं राहावं. ज्यांच्याकडे आला होता, त्यांनी बसून राहावं. बसतील त्यांच्यावर माझा राग उरणार नाही. उलट उद्या सोबत नेईन आणि जन्मभर उपकार मानीन.

एरवी अशा वेळी डोळे मिटतात. मी उघडे ठेवणार आहे. फोटोतला तोही उघड्या डोळ्यांनीच बघतोय.

उठा, मंडळी. ज्यांना उठवेल, त्यांनी उठा.