तेल कुठं जातं

सून : थंड इंजिनावर तेल नाही पाहिलं, बाबा. तेवढं मलाही कळतं आता.

सासरे : कळतं ना, मग नीट सांग. गाडी कशी उभी केली होतीस?

सून : डबल स्टँडवर, सपाट फरशीवर. साइड स्टँडवर गाडी कलते आणि तेलही एका अंगाला जातं, हे तुम्हीच शिकवलंत.

सासरे : इंजिन?

सून : थोडा वेळ चालू ठेवून बंद केलं. वर चढलेलं तेल खाली उतरेपर्यंत थांबले. मग तेल मोजायची काडी काढली, फडक्यानं पुसली आणि परत घातली.

सासरे : पिळून घट्ट केलीस?

सून : नुसती टेकवली. या गाडीची काडी पिळली की जास्त खोल जाते आणि नसलेलं तेल दाखवते.

सासरे : हं. मग, काय दिसलं?

सून : खालच्या खुणेच्याही खाली. नुसतं टोक ओलं. आणि रविवारी तुमच्या देखत वरच्या खुणेपर्यंत भरलं होतं.

सासरे : पीत असेल. जुनी गाडी आहे. आत रिंगा झिजल्या की तेल जळतं.

सून : हेही महिनाभर तेच म्हणतायत. इंजिन गेलंय, तेल पितंय, वेळेवर विकून टाकू. पण तेल पिणारी गाडी निळा धूर सोडते ना? मी शेजारच्या ताईंना पाठीमागून यायला लावलं, चढावर आणि उतारावर. धूर नाही. प्लग काढला, तर चांगला कोरडा, विटकरी रंगाचा.

सासरे : प्लग काढलास तू?

सून : तुम्ही दुपारचे आडवे झाला होतात. पाना पुसून जागेवर ठेवला.

सासरे : मला वाटलंच, कुणीतरी माझ्यापेक्षा नीटनेटकं हात लावून गेलंय. मग गळत असेल कुठं तरी.

सून : रात्री खाली पुठ्ठा अंथरून ठेवला होता. सकाळी एक ठिपका नाही.

सासरे : तू रक्त तपासतेस का गाड्या?

सून : रक्तातही असंच करतो आम्ही. एकेक कारण बाजूला काढत जायचं. गेल्या महिन्यात हे सुटे भाग आणायला बाहेरगावी गेले होते, आठवतं? त्या सगळ्या दिवसांत मी त्याच हायवेनं गेले, आले, गाडी रोजच्यासारखी रात्री इथंच दुकानात लावली. तेल केसभरही उतरलं नाही. हे परतले आणि पुन्हा काडी कोरडी.

सासरे : योगायोग असतो.

सून : असेल म्हणून मी आणखी एक केलं. तेल काढायचा खालचा बोल्ट असतो ना, त्याच्या डोक्यावरून इंजिनापर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ ओढली. आज सकाळी रेघ तुटलेली होती. बोल्टावरचा तुकडा एकीकडे, इंजिनावरचा दुसरीकडे.

सासरे : हादऱ्यांनी बोल्ट सैल होतो.

सून : सैल होतो. पण पुन्हा घट्ट बसतो का, पाना लावल्याशिवाय? आणि रात्री दुकानाची किल्ली कुणाकडे असते?

(सासरे उठून शटर अर्धं खाली ओढतात.)

सासरे : हळू बोल जरा.

सून : आपण दोघंच आहोत इथं.

सासरे : रस्त्यानं माणसं जातात.

सून : तुम्हाला माहीत होतं, बाबा.

सासरे : माहीत नव्हतं. जळकं तेल काढायची आपली थाळी आहे ना, एके सकाळी तिच्यात तेल दिसलं. मधाच्या रंगाचं, ताजं. काळं तेल पाहण्यात जन्म गेला माझा. ताजं तेल कुणी काढत नाही. विचारलं त्याला. म्हणाला, गिऱ्हाइकानं चुकीचं भरलं होतं. मी म्हटलं, बरं.

सून : कधीची गोष्ट?

सासरे : तू लॅबच्या हायवेवरच्या शाखेची मुख्य झालीस, त्याच सुमाराची.

सून : म्हणजे तेव्हापासून मी रोज तसल्या गाडीवरून जात होते, आणि तुम्ही ‘बरं’वरच थांबलात.

सासरे : मी म्हणून तर तुला काडी बघायला शिकवलं.

सून : मला वाटलं, हौसेनं शिकवताय. मी तर लॅबमधल्या मुलींना सांगत होते, आमचे सासरे असे आहेत म्हणून.

सासरे : पोरी...

सून : तेलाशिवाय इंजिन जाम झालं की काय होतं, सांगा ना. शिकवताना तेवढं राहून गेलं होतं.

सासरे : मागचं चाक जागच्या जागी धरतं. कधी कधी.

सून : आणि हायवेवर मागून ट्रक येत असतात.

सासरे : त्याच्या मनात तसलं काही नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. थोडं थोडं काढत होता. गाडी कुरकुरावी, तू कंटाळावीस, घरी बसावीस, एवढंच.

सून : मी घरी बसणं आणि मी घरी न येणं, यात किती तेलाचं अंतर असतं, बाबा?

सासरे : तो डोक्यानं करत नाही गं काही. चिडतो. लोक त्याला विचारतात, बायको साहेबीण झाली, आता तू डबा पोचवतोस का. आमच्या वेळी हे असले प्रकार नव्हते. तुझ्या सासूनं शिवणाची नोकरी सोडली, तेव्हा कुणी कशातलं तेल काढलं नव्हतं.

सून : नाही. तुम्ही फक्त तीन आठवडे त्यांच्याशी बोलला नव्हतात. त्यांनी सांगितलंय मला. आणि त्यांचं मशीन अजून माळ्यावर आहे.

सासरे : ते वेगळं.

सून : हो. तुमच्याकडे पाना नव्हता.

सासरे : बोल. आज तुला बोलायचा हक्क आहे. मी समजावतो त्याला, आज रात्रीच. पण हे बाहेर नको. चाळीस वर्षांचं दुकान आहे. बायकोच्या गाडीतलं तेल काढणारा मेकॅनिक, असं झालं तर दारात सायकलसुद्धा कुणी लावणार नाही.

सून : त्याला समजावू नका. त्याच्यासमोर आणि सासूबाईंसमोर एवढंच सांगा, की थाळीत काय दिसलं होतं.

सासरे : आणि तो म्हणाला, मी काढलंच नाही, तर?

सून : म्हणूनच तुम्ही सांगायचं. माझी नेलपॉलिशची रेघ तो हसण्यावारी नेईल. तुमची नजर नाही नेणार.

सासरे : पोटचा पोर आहे तो माझा. त्याच्या आईसमोर त्याला असं उभं करू? नाही जमायचं मला.

सून : चुकलंच माझं. मी मेकॅनिककडे आले होते. सासऱ्यांकडे यायचं असतं तर घरीच बोलले असते.

सासरे : असं तोडून बोलू नकोस. थांब, तेल भरून देतो. बोल्टही आवळून देतो. अर्धी बाटली लागेल, वर थोडं. जास्तही चांगलं नाही. हं, बघ आता. खुणेला लागलं.

सून : दाखवा. पुसून पुन्हा घाला.

सासरे : माझ्यावरही विश्वास नाही?

सून : पुन्हा घाला, बाबा.

सासरे : घे. बघ तुझ्या डोळ्यांनी.

सून : बरोबर आहे.

सासरे : आता सावकाश जा. उद्यापासून किल्ली मी माझ्या उशाशी ठेवतो. मग झालं?

सून : किल्लीची गरज नाही. गाडी आजपासून शाखेच्या आवारातच ठेवणार आहे. तिथं रखवालदार आहे.

सासरे : अगं, पण मग रोज घरी कशी येणार तू?

सून : तेच सांगायला आले होते.