कोणता गॅलन?

गॅलन हा शब्द ऐकला की मला अजून पूजाचा चेहरा आठवतो.

रिसोडला तालुक्याची प्रश्नमंजूषा होती आणि जिंकणारी जोडी जिल्ह्याच्या फेरीसाठी वाशीमला जाणार होती. आमचं दहावीचं वर्ष, म्हणजे शेवटची संधी. माझी जोडीदार पूजा, तिनं वाशीमसाठी नवा ड्रेससुद्धा शिवून घेतला होता. शेवटच्या प्रश्नाला आम्ही आणि रिसोडच्या मुली बरोबरीत होतो.

"एक गॅलन म्हणजे किती लिटर?"

रिसोडची मुलगी म्हणाली, "साधारण साडेचार."

"चूक," सर म्हणाले आणि प्रश्न आमच्याकडे आला. मी पूजाच्या कानात सांगितलं. ती ओरडली, "तीन पॉइंट सात आठ!"

"बरोबर!"

टाळ्या वाजल्या. समोरची मुलगी डोळे पुसू लागली आणि माझा हात आपोआप वर गेला.

"काय गं, पाणी पाहिजे?" सरांनी विचारलं.

"नाही सर. इंग्लंडचा गॅलन साडेचार लिटरचाच असतो. आमचं उत्तर अमेरिकेच्या गॅलनचं आहे. प्रश्नात कोणता, ते नव्हतं."

सरांनी मोबाइलवर बघितलं आणि गुण त्यांना दिला, कारण आधी उत्तर त्यांनी दिलं होतं. वाशीमला त्याच गेल्या.

 परतीच्या जीपमध्ये, आमचं गाव रिठद जवळ आल्यावर पूजा म्हणाली, "पाचवीपासून तुह्या बाजूले बसून राह्यली मी. हजेरीले 'हजर' बी नीट म्हणत नाही तू. अन् पह्यल्यांदा तोंड उघडलं, तेबी रिसोडवाल्यांसाठी!"