बाबांची सायकल आणि कोकणातला चढ

समुद्राकाठचा रस्ता सपाट असतो, ही थाप ज्यानं कुणी पसरवली त्यानं जन्मात सायकल चालवली नसणार. आम्ही भिलाईचे, आमच्याकडे चढ म्हणजे फक्त ओव्हरब्रिज. म्हणून कोकणातल्या सायकल-सहलीला मी बाबांची स्टील प्लांटच्या ड्यूटीची काळी सायकल नेली.

निघतानाच मैत्रीण स्नेहल म्हणाली, "गिअरवाली घे वं! नाई तं चढावर सायकल टेम्पोत टाकून बसा लागंल!"

"बाबा जिंदगीभर हिच्यावरच ड्यूटीले गेले. गिअर म्हणजे चोचले. अन् टेम्पोत तं मी मेली तरी नाई बसणार!"

गणपतीपुळ्याच्या पुढे खाडी संपली की चढ, चढ संपला की दुसरी खाडी. खाली निळाशार समुद्र आणि वर सायकल ढकलणारी मी. पुढून स्नेहल ओरडली, "हार मान आता! मासळीचा टेम्पो येऊन राहिला, थांबवू का?"

"नाई म्हणजे नाई!"

वळणावर कोकम सरबत विकणाऱ्या काकू हे सगळं ऐकत होत्या. टेम्पोही तिथेच सरबताला थांबला. मी ग्लास रिकामा केला आणि पुन्हा हँडल धरलं.

काकू म्हणाल्या, "अगो बाय, तू तर चालतेच आहेस. निदान त्या सायकलीला तरी टेम्पोत बसू दे."