घोडी कुणाकडे बघते

जनावरांच्या डॉक्टरकडे तासभर नंबर लागत नव्हता, माझं डोकं फिरलेलं. शेजारी एक दादा आणि त्याची धाकटी बहीण. त्यांची घोडी बाहेर बांधलेली.

"सहा वर्षं मी दोरीवर गोल फिरवली तिला. तू महिनाभर दोरी धरलीस, तर लगेच तुझं कौतुक."

"दादा, तू तिला डावीकडूनच गोल फिरवायचास. उजवी बाजू आखडली तिची, लंगडायला लागली."

"तिला तेच आवडायचं."

"तुला आवडायचं. मी दोन्हीकडून सारखी फिरवते, मोठ्या गोलात, सावकाश. आता लंगडते का?"

"फार शहाणी झालीस."

"बाबा म्हणालेत, डॉक्टर सांगतील त्यानेच यापुढे दोरी धरायची."

"फिरताना तुझ्याकडे बघते का ती?"

"नाही. समोर बघते."

"बघ. माझ्याकडे बघायची. अख्खा गोल संपेपर्यंत."

"तू दोरी ताणून धरायचास, दादा. मान आत ओढली जायची, मग तोल सांभाळता सांभाळता तिची धडपड व्हायची."

"म्हणजे ती माझ्याकडे बघत नव्हती?"

"तिला दुसरीकडे बघताच येत नव्हतं."

आतून त्यांना हाक आली. दादा उठला नाही.

"जा. दोरी तूच धर यापुढे."

"खरंच?"

"पण तुझ्याकडेही नाही ना बघत?"

"नाही रे."

"मग ठीक आहे."