दहा मिनिटांची तक्रार

शाळेच्या कारकूनबाईंनी तक्रारवही उघडली. खिडकीबाहेर पहिला नंबर सलूनवाल्याचा होता, त्याच्या मागे एक आजी. बाई तारीख घालत होत्या. कान मोकळेच होते.

“कसली तक्रार हो?”

“विज्ञानाच्या तासाला पोरीला झाडाखाली बसवतात, आजी. दहा मिनिटं गप्प! मग जे दिसलं, जे वाटलं, ते वहीत लिहायचं. हा काय अभ्यास झाला?”

“काय लिहिलं तिनं?”

“‘मुंग्या समोरासमोर आल्या की थांबतात, मिशांना मिशा लावतात, मग पुढं जातात. इथं बसलं की माझं पोट दुखत नाही.’”

“अगदी तोंडपाठ!”

“दुकानात आरशावर चिकटवलंय. दाढीला बसेल त्याला वाचून दाखवतो.”

“ऐकतात?”

“वस्तरा गळ्याशी असतो. जातात कुठं?”

“आणि पोटाचं काय?”

“आधी विज्ञान म्हटलं की पोट धरून घरी बसायची. आता दोन महिन्यांत एक खाडा नाही. परवा मलाच म्हणते, बाबा, तुम्ही पण बसा जरा बाहेर.”

“बसलात?”

“बसलो की. तीन गिऱ्हाइकं ताटकळली.”

“बोला,” कारकूनबाई म्हणाल्या, “तक्रार काय लिहू?”

सलूनवाल्यानं घसा खाकरला.

“लिहा, दहा मिनिटं कमी पडतात.”