‘इथे पाहा’

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. त्यांचे वडील आत श्वासाच्या मशीनवर होते.

“ताई, बाबांना लावलंय ना, त्या मशीनचं माहितीपुस्तक मी केलंय.”

“अगं, मग चांगलंच आहे की!”

“चांगलं कसलं? त्यात लिहिलंय, दाब कमी झाल्याचा अलार्म वाजला तर ‘इथे पाहा’.”

“मग पाहतील की.”

“कॉम्प्युटरवर ‘इथे’ दाबलं की ते पान उघडतं. कागदावर दाबून काय उघडणार, कपाळ? छापताना तिथे पान नंबर घालावा लागतो. अशा तीनशे जागा होत्या. ही एक राहिली की काय, आठवतच नाहीये.”

“सिस्टरांना सगळं पाठ असतं गं.”

“आणि आज कोणी नवीन असली तर?”

“मग इथे बसून जीव टांगणीला कशाला लावतेस? जा, पुस्तक मागून बघ.”

धाकटी आत गेली. परत आली ती डोळे पुसत.

“राहिलाय ना नंबर?”

“राहिलाय. पण कुणीतरी शेजारी पेनाने लिहिलंय, पान चौऱ्याऐंशी. बरोबर आहे ते.”

“सुटलो बाई! मग रडतेस कशाला?”

“ताई, ते पान शोधायची वेळ कुणावर आली असेल गं? आणि सापडेपर्यंत खाटेवर कोण होतं?”